स्पेसबार मारून ओळी जुळवू नका: बुलेट आणि इंडेंटमधल्या त्याच त्या चुका

दुसऱ्या कुणी टाइप केलेली फाइल माझ्याकडे दुरुस्तीला आली की मजकूर वाचायच्या आधी मी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबते. वर्डमध्ये यामुळे एरवी लपलेल्या खुणा दिसायला लागतात. स्पेस म्हणजे बारीक ठिपका, टॅब म्हणजे उजवीकडे जाणारा बाण, एंटर म्हणजे उलट्या ‘पी’सारखी पॅराग्राफची खूण आणि शिफ्ट-एंटर म्हणजे खाली येऊन डावीकडे वळलेला बाण. लिब्रेऑफिस रायटरमध्ये हेच काम कंट्रोल-एफ१० करतं. मुद्द्यांच्या आधी ठिपक्यांच्या लांबच लांब रांगा दिसल्या, की ओळी स्पेसबारने जुळवल्या आहेत आणि काम वाढलं आहे हे लगेच कळतं.

या खुणा अनेकांना नकोशा वाटतात. ‘पानावर घाण दिसते’ म्हणून ते बंद करतात. पण बुलेट का सरकली, ओळ मध्येच का तुटली, नंबर का जाड झाला याचं उत्तर दहातल्या नऊ वेळा याच खुणांमध्ये असतं. त्या न बघता बटणं दाबत सुटणं म्हणजे अंदाजपंचे काम.

स्पेसने केलेली रांग

ही चूक सगळ्यांत जास्त वेळ खाते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते.

हे होतं असं. माणूस आडवी रेघ टाइप करतो, एक स्पेस देतो आणि मुद्दा लिहायला लागतो. ओळ भरली की पुढचा मजकूर रेघेच्या बरोबर खाली, थेट समासाला जाऊन चिकटतो. ते वाईट दिसतं. मग तो पहिल्या ओळीच्या शेवटी एंटर मारतो आणि दुसऱ्या ओळीच्या आधी चार-पाच स्पेस देतो. तेवढ्यापुरतं छान दिसतं. आता हा एक मुद्दा राहिलेला नसतो, दोन स्वतंत्र पॅराग्राफ झालेले असतात. फाँट बदला, आकार ११चा १२ करा, समास कमी करा, सगळी रचना कोसळते. शिवाय बहुतेक फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, त्यामुळे स्पेस मोजून दिल्या तरी दोन ओळी तंतोतंत एका रेषेत येतीलच असं नाही.

एका संस्थेची प्रशिक्षण पुस्तिका अशीच माझ्याकडे आली होती. ए-४ पानावर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरवर, ती नीटनेटकी दिसत होती. छपाईच्या तोंडावर ठरलं की पुस्तिका ए-५ आकारात काढायची, १४८ बाय २१०. पानाचा आकार बदलला आणि प्रत्येक ओळ मध्येच तुटली. एक लांब ओळ, खाली दोन शब्दांची ओळ, पुन्हा लांब ओळ, असं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. खुणा सुरू केल्या तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर आणि सुरुवातीला ठिपक्यांची रांग.

ती दुरुस्त करायला फाइंड-रिप्लेस वापरलं. शोधायच्या चौकटीत कॅरेटची खूण (^) आणि पुढे लहान लिपीतला पी लिहिला की वर्ड पॅराग्राफचा शेवट शोधतं, कॅरेट-टी टॅब शोधतं आणि कॅरेट-एल शिफ्ट-एंटर. आधी दोन स्पेसच्या जागी एक स्पेस, बदल शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग कॅरेट-पी आणि त्यापुढची स्पेस यांच्या जागी नुसतं कॅरेट-पी. त्यानंतर जिथे लागोपाठ दोन कॅरेट-पी होते, म्हणजे मधे रिकामी ओळ होती, तिथे ‘@@@’. जिथे कॅरेट-पीनंतर आडवी रेघ होती तिथे ‘@@@-’. मग उरलेल्या सगळ्या कॅरेट-पींच्या जागी एक स्पेस आणि शेवटी ‘@@@’च्या जागी कॅरेट-पी. हा क्रम चुकला तर सगळी पुस्तिका एकच पॅराग्राफ होऊन बसते, म्हणून हे काम नेहमी फाइलच्या प्रतीवरच करायचं.

एवढं करूनही हाताचं काम उरलंच. एका तक्त्याच्या टिपेत ओळीची सुरुवात ‘-५ अंश’ अशी होती. ते तापमान वेगळा मुद्दा होऊन बसलं. आणि उपमुद्दे कुठले, मुख्य मुद्दे कुठले हे फक्त स्पेसच्या संख्येवरून ठरवलेलं होतं. स्पेस गेल्या तसे सगळे मुद्दे एकाच पातळीवर आले. जुनी छापील प्रत शेजारी ठेवून प्रत्येक उपमुद्दा पुन्हा आत ढकलावा लागला. छपाई लांबली. टाइप करणाऱ्याने पहिल्याच दिवशी बुलेटचं बटण दाबलं असतं तर पानाचा आकार बदलल्यावर काहीही करावं लागलं नसतं.

योग्य पद्धत कठीण नाही. मुद्द्याची दुसरी ओळ पहिल्या ओळीतल्या मजकुराखाली यावी यासाठी हँगिंग इंडेंट असतो (इंडेंट म्हणजे समासापासून ओळ किती आत सुरू होते ते अंतर). पॅराग्राफच्या चौकटीत ‘स्पेशल’खाली ‘हँगिंग’ निवडा. वर्डची नेहमीची बुलेट पाव इंचावर (०.६३ सेंमी) असते आणि मजकूर अर्ध्या इंचावर (१.२७ सेंमी), म्हणजे हँगिंग पाव इंच. रूलरवर, म्हणजे पानाच्या वरच्या मोजपट्टीवर, वरचा त्रिकोण पहिली ओळ हलवतो, खालचा त्रिकोण बाकीच्या ओळी आणि त्याखालची छोटी चौकट दोन्ही त्रिकोण एकत्र हलवते. नवखी मंडळी माउसने त्रिकोण पकडायला जातात, हाती चौकट येते आणि सगळा पॅराग्राफ सरकतो. मी रूलरला हात लावत नाही, पॅराग्राफच्या चौकटीत आकडा टाइप करते. आकडा टाकला की प्रत्येक मुद्दा सारखाच बसतो. माउसने ओढलेले दोन मुद्दे सारखे बसतील याची खात्री नसते.

नंबर मनाला येईल तिथून सुरू होतात

‘माझ्या यादीत ५ नंतर एकदम १ येतो’ किंवा ‘नव्या प्रकरणात यादी १७ पासून सुरू होते’. ही तक्रार घेऊन येणाऱ्याने तोवर नंबरचं बटण बंद-चालू, बंद-चालू केलेलं असतं. कृपा करून हे करू नका. त्यातून फाइलमध्ये नव्या याद्या तयार होऊ शकतात आणि गुंता वाढतो.

आत काय चालतं ते समजून घ्या. वर्ड नंबर मजकुरात लिहीत नाही. प्रत्येक पॅराग्राफजवळ फक्त एवढी नोंद असते की हा अमुक यादीतला, अमुक पातळीवरचा. पातळ्या नऊपर्यंत असू शकतात. नंबर दाखवताना वर्ड मोजून दाखवतं. दिसायला सारख्या असलेल्या दोन याद्या आतून वेगळ्या असू शकतात, आणि दुसऱ्या फाइलमधून मुद्दे चिकटवले की ते आपली यादी सोबत घेऊन येतात.

म्हणून आधी निदान. कुठल्याही नंबरवर, मजकुरावर नव्हे तर नंबरच्या आकड्यावरच, एकदा क्लिक करा. त्या यादीतले त्याच पातळीचे सगळे नंबर करडे होतात. १ ते ५ करडे झाले आणि पुढचा १ तसाच राहिला, तर ती दुसरी यादी आहे. त्या १ वर उजवं क्लिक करून ‘कंटिन्यू नंबरिंग’ घ्या. उलट प्रकरण असेल, नव्या यादीत १७ दिसत असेल, तर तिथे ‘रीस्टार्ट अॅट १’. मी हे क्लिक केल्याशिवाय कुठल्याही नंबरला हात लावत नाही.

याच मेनूत ‘अॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’ आहे. यादीचं अंतर बदलायचं ते इथून. रूलरवरून बदललं तर तो बदल फक्त निवडलेल्या पॅराग्राफला चिकटतो आणि यादीची मूळ मापं तशीच राहतात. मग पुढे कधीतरी एखादा मुद्दा जुन्या जागी उडी मारतो आणि लोक म्हणतात वर्ड वेड्यासारखं वागतंय. वर्ड तुमचीच आधीची मापं पाळत असतं.

हाताने नंबर टाइप करणाऱ्यांबद्दलही सांगते, कारण ते स्वतःला सुरक्षित समजतात. सहा कलमांची चिठ्ठी असेल तर चालेल. पण एका लांबलचक करारात शेवटच्या क्षणी मधे एक कलम घुसवलं गेलेलं मी पाहिलं आहे. खालचे नंबर एकेक करून बदलले गेले, मजकुरातलं ‘कलम १४ पाहा’ मात्र तसंच राहिलं. ते आता भलत्याच कलमाकडे बोट दाखवत होतं आणि सही व्हायच्या आधी कुणीतरी वाचलं म्हणून निभावलं. आपोआप नंबर असतील तर असे उल्लेख ‘क्रॉस-रेफरन्स’ने घाला आणि फाइल पाठवायच्या आधी कंट्रोल-ए, मग एफ९ दाबा. सगळे उल्लेख ताजे होतात.

छोट्या चुका, पण रोजच्या

मुद्द्यांमध्ये जागा हवी म्हणून रिकामे एंटर मारू नका. पॅराग्राफच्या चौकटीत ‘आफ्टर’मध्ये ६ पॉइंट लिहा. लिहूनही जागा वाढत नसेल तर तिथेच खाली ‘डोन्ट अॅड स्पेस बिट्वीन पॅराग्राफ्स ऑफ द सेम स्टाइल’समोर टिक असते, ती काढा. बटणाने केलेल्या यादीत ती आधीपासूनच असते. हे माहीत नसल्यामुळे लोक १२, १८, २४ असे आकडे वाढवत बसतात.

मजकूर साधा आणि फक्त नंबर किंवा बुलेट जाड, किंवा लाल? तिचं रूप त्या मुद्द्याच्या शेवटी असलेल्या पॅराग्राफच्या खुणेवरून येतं. तेवढीच खूण निवडा आणि जाडपणा काढा. खुणा दिसत नसतील तर हे जन्मात सापडणार नाही.

९ पर्यंत सगळं सरळ, १० पासून मजकूर उजवीकडे उडी मारतो? दोन आकडी नंबर हँगिंगच्या जागेत मावत नाही. ‘अॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’मध्ये मजकुराचं अंतर वाढवा.

एकाच मुद्द्याखाली दुसरा परिच्छेद हवा असेल तर मी एंटर मारते आणि एकदाच बॅकस्पेस दाबते. बुलेट जाते, मजकूर वरच्या मजकुराखालीच राहतो. शिफ्ट-एंटरनेही काम होतं, पण मजकूर दोन्ही बाजूंनी जुळवलेला असेल तर तुटलेली ओळ ताणली जाऊन शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडू शकतात.

तारका आणि स्पेस टाइप केली की वर्ड आपणहून बुलेट करतं. नको असेल तर त्याच क्षणी कंट्रोल-झेड. तारका परत येते, लिहिलेलं काही जात नाही. कायमचं बंद करायचं असेल तर ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, आणि तिथे ‘ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप’.

तक्त्यात टॅब दाबला की कर्सर पुढच्या घरात जातो. मुद्दा आत ढकलायला तिथे ऑल्ट-शिफ्ट आणि उजवा बाण.

बुलेटच्या जागी चौकोन दिसतो? वर्डची नेहमीची गोल बुलेट ‘सिम्बॉल’ फाँटमधली असते. समोरच्या यंत्रावर किंवा दुसऱ्या प्रोग्राममध्ये तो फाँट नीट चालला नाही की चौकोन येतो. फाइल बऱ्याच ठिकाणी फिरणार असेल तर ‘डिफाइन न्यू बुलेट’मधून मजकुराच्याच फाँटमधला गोल ठिपका घ्या.

वेबपानावरून मजकूर घेताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने चिकटवा आणि बुलेट इथे नव्याने द्या. बाहेरची मापं आणि रंग आपल्या यादीत मिसळले की ते निस्तरण्यापेक्षा हे नक्की लवकर होतं.

कंट्रोल-क्यू आणि घाई

एक शॉर्टकट मला मनापासून आवडतो आणि त्याचाच सगळ्यांत जास्त गैरवापर होतो. कंट्रोल-क्यू पॅराग्राफवर वरून केलेले सगळे बदल पुसतं आणि त्याला त्याच्या स्टाइलच्या, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या फाँट-अंतरांच्या संचाच्या, मूळ रूपात आणतं. कुणीतरी हे ऐकतं, पूर्ण फाइल निवडून दाबतं आणि सगळ्या बुलेट गायब होतात. कारण बटणाने दिलेली बुलेट हाही वरून केलेला बदलच असतो.

हीच बुलेट ‘लिस्ट बुलेट’ स्टाइलने दिलेली असेल तर उलटं घडतं. कंट्रोल-क्यू दाबल्यावर बुलेट टिकते आणि सरकलेला मुद्दा बरोबर आपल्या जागी येतो. म्हणून मोठ्या फाइलमध्ये मी बटण वापरतच नाही, कंट्रोल-शिफ्ट-एल दाबते. त्याने हीच स्टाइल लागते. शिकणाऱ्यांना स्टाइल म्हणजे उगाच लांबचा रस्ता वाटतो, बटण समोर असताना कशाला असं ते विचारतात. दोन पानांच्या पत्राला बटण पुरेसं आहे. पण जी फाइल तीन माणसांच्या हातून जाणार, जिच्यात महिन्याभराने भर पडणार, तिच्यात बटणाने दिलेल्या बुलेट शेवटपर्यंत एकसारख्या राहिलेल्या मी तरी पाहिलेल्या नाहीत.

स्टाइलचं अंतर आवडत नसेल तर स्टाइलच्या यादीत ‘लिस्ट बुलेट’वर उजवं क्लिक करून ‘मॉडिफाय’ घ्या, खालच्या ‘फॉरमॅट’ बटणातून अंतर बदला आणि ‘न्यू डॉक्युमेंट्स बेस्ड ऑन धिस टेम्प्लेट’ निवडून मगच ओके करा. वर्ड बंद करताना टेम्प्लेट (नव्या फाइलचा साचा) सेव्ह करायचं का असं विचारलं तर हो म्हणा. नंतर कोरी फाइल उघडून कंट्रोल-शिफ्ट-एल दाबा आणि दोन ओळींचा एक मुद्दा टाइप करून बघा. दुसरी ओळ पहिल्या ओळीतल्या मजकुराच्या बरोबर खाली आली पाहिजे.