नोकरीच्या साईटवर अर्ज टाकताय आणि फोनच येत नाही? आधी हे करून बघा

शिमग्याला गावी चिपळूणला गेलो होतो तर भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. बी.एस्सी. केमिस्ट्री, लोट्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये २ वर्षं झालेली, आता महाडला किंवा तळोज्याला जरा बऱ्या पगारावर जायचं होतं. दीडशेएक ठिकाणी अर्ज टाकलेले आणि ३ महिन्यात फोन आला एक, तोही इन्शुरन्स विकायच्या कामाचा. मामा तू भरतीच्याच कामात आहेस ना, बघ काय चुकतंय. मी प्रोफाईल उघडलं आणि पहिल्या ओळीलाच अडकलो. हेडलाईनच्या जागी लिहिलेलं, "आव्हानात्मक संधीच्या शोधात असलेला मेहनती तरुण".

आता मला सांगा, "मेहनती तरुण" असं टाईप करून कोण माणूस शोधतं?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं आपण अर्ज टाकला की समोरचा तो उघडून वाचणार, पण एकेका जागेला इतके अर्ज पडतात की सगळे कोणी उघडत बसत नाही. नोकरी डॉट कॉमसारख्या साईटवर आम्ही उलट्या बाजूने येतो, सर्चमध्ये शब्द टाकतो, क्यूसी (म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणी), एचपीएलसी (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजायचं मशीन), मग अनुभव २ ते ४ वर्षं, मग ठिकाण, मग नोटीस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावर किती दिवसांनी सुटणार, आणि शेवटी माणूस गेल्या काही दिवसात साईटवर ॲक्टिव्ह होता का. एवढ्या चाळण्यांतून जी नावं उरतात तीच आम्ही बघतो. म्हणजे तुमचं पहिलं काम चांगलं लिहिणं नाहीच, सापडणं आहे.

तर सुरुवात अशी करा. तुम्हाला हवीय तशा कामाच्या ८-१० जाहिराती काढा आणि वहीत त्यांच्यातले परत परत येणारे शब्द उतरवा, हो वहीतच, फोनवर नुसतं वाचून लक्षात राहत नाही. भाच्याच्या वहीत एचपीएलसी, टायट्रेशन (द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजणं), स्टॅबिलिटी (माल किती काळ टिकतो ते तपासणं), जीएमपी (चांगल्या उत्पादनाचे नियम) असं निघालं. यातलं स्टॅबिलिटीचं काम त्याने केलेलंच नव्हतं, ते खोडलं, कारण मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. बाकीचं तो रोज करत होता पण प्रोफाईलमध्ये मात्र "विविध आधुनिक उपकरणांवर काम". हेडलाईन बदलून केली, "क्यूसी केमिस्ट, बी.एस्सी. केमिस्ट्री, २ वर्षं, एचपीएलसी, टायट्रेशन, जीएमपी". दिसायला रुक्ष आहे, असू दे. आयटीआयवाल्यांनी एओसीपी हे छोटं नाव आणि अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हे पूर्ण नाव, दोन्ही घालावीत, समोरचा कुठलं टाईप करेल सांगता येत नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची पोरं गोव्यातल्या हॉटेलांना अर्ज करतात त्यांचंही तेच, जाहिरातीत एफ अँड बी सर्व्हिस, म्हणजे खाणंपिणं वाढायचं काम, असं असतं आणि यांच्या बायोडाटात नुसतं वेटर.

अनुभवाच्या ओळी पण जरा हलवा. "सॅम्पल टेस्टिंगची जबाबदारी" यातून काहीच कळत नाही. "रोज २०-२५ सॅम्पल, कच्चा माल आणि तयार माल दोन्ही, तिन्ही शिफ्ट" असं लिहिलं की लॅब चालवणाऱ्याला चित्र दिसतं.

ठिकाणाचं मात्र आपल्या कोकणातल्या लोकांनी जास्त बघायला पाहिजे. सध्याचं ठिकाण चिपळूण आणि पसंतीचं ठिकाण कोरं, मग नवी मुंबईचा फिल्टर लावला की तुम्ही गळालात. पसंतीत महाड, रोहा, तळोजा, नवी मुंबई, जिथे खरंच जाणार ते सगळं भरा. त्यातूनही समोरच्याला शंका असतेच की हा एवढ्या लांबून येईल का, राहील कुठे, महिन्यात परत गावी पळेल. म्हणून अर्जासोबतच्या दोन ओळीत सरळ टाका, पनवेलला आत्याकडे राहायची सोय आहे, ३० दिवसांत रुजू होऊ शकतो. आत्या नसेल तर अर्थात लिहू नका.

बायोडाटाची फाईल साधी ठेवा, रंगीत पट्ट्या, दोन कॉलम, टक्क्यांचे गोल, काही नको. प्रिंट काढून तिचा मोबाईलवर फोटो मारून पीडीएफ केलेली असेल तर साईटच्या मशीनला ती नीट वाचता येईलच असं नाही. तपासायला सोपं आहे, पीडीएफ उघडून एका शब्दावर बोट दाबून धरा, शब्द सिलेक्ट झाला तर ठीक, नाहीतर नवीन करा.

मग आठवड्यातून दोनदा तरी लॉगिन करून प्रोफाईलमध्ये काहीतरी बदला, एखादा शब्द बदलला तरी चालतो, तारीख ताजी राहते. आणि अर्ज टाकताना जाहिरात किती दिवसांची आहे ते बघा, महिन्याभराच्या जुन्या जाहिरातीवर मी तरी वेळ घालवणार नाही.

फोनचं काय करायचं? पावसात लाईट गेली की टॉवर गेला, बस परशुराम घाटात असली की आवाज तुटतो, आणि एचआर दुसऱ्यांदा फोन करेलच असं नाही. घरातला आणखी एक नंबर द्या, वेगळ्या कंपनीच्या सिमचा, आणि ज्याचा नंबर दिलाय त्या आईला किंवा बहिणीला सांगून ठेवा की अनोळखी नंबर उचल म्हणून. ईमेल रोज बघा, स्पॅमसकट.

कोणी रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, ओटीपी असलं काही मागितलं तर तिथेच फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा, तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे.

आणि कधी जॉईन होणार विचारलं की आपल्या तोंडून पटकन जातं "गणपतीनंतर". असं म्हणू नका, समोरच्याला ते कधीतरी येईन असं ऐकू येतं. तारीख सांगा आणि सुट्टी वेगळी मागा. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे कुठल्या दिवसाची सुट्टी लागणार ते जुलैत कळलेलंच असतं. भाच्याला जुलैतच तळोज्याहून फोन आला, त्याने १ ऑगस्टला येतो आणि गणपतीला ४ दिवस लागतील असं सांगितलं. मिळाले २.