ग्रीन स्टार पॉलिपला आवर घातला तो असा

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या गावात मी घरात समुद्र, म्हणजे खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी, पाळतो म्हटल्यावर आई अजूनही कपाळाला हात लावते. असो.

ग्रीन स्टार पॉलिप या मऊ प्रवाळाचा (कोरलचा) रुपयाएवढा तुकडा मी टाकीतल्या मधल्या मोठ्या दगडावर चिकटवला, तीच चूक. वर्षभरात त्याची जांभळी साय अख्ख्या दगडावर पसरली आणि शेजारचे मश्रूम कोरल तिच्याखाली गेले. वरवर कात्री चालवली, पण उरलेल्या चिंधीतून पुन्हा फूट. अगदी रानातली हरळी!

शेवटी दगडच बाहेर काढला. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात तो बुडवला, हातमोजे घातले आणि सायीची कड उचलून ओल्या सालीसारखी सोलत गेलो. हे काम टाकीत करू नका. सुटलेले तुकडे वाहत जाऊन दुसरीकडे रुजतात. खाचांतलं ब्लेडने खरवडलं. जिथे ब्लेड पोचेना, तिथे टाकीसाठीची एपॉक्सी (पाण्यातही घट्ट होणारी लांबी) लिंपून उजेड तोडला. उजेडाशिवाय ते तग धरत नाही.

दगडावर झोआंथिड (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) असतील तर मात्र घासाघीस नको आणि दगड उकळायचा तर मुळीच नाही. त्यांच्यातल्या काहींत असणारं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेतून माणसालाही बाधतं.

आता ग्रीन स्टार वेगळ्या दगडावर, चहूबाजूंनी चार बोटं मोकळी वाळू सोडून ठेवलाय. मोकळ्या वाळूवर त्याला सहसा पकड मिळत नाही. मागच्या काचेवर चढला, तो मात्र राहू दिला. तिथे छान दिसतो.