तापी, गिरणा, पांझरेचे पूरमार्ग : पावसाळ्याआधीची तयारी

पुराचे पाणी वाहून जाण्यासाठी नदीकाठची जी पट्टी मोकळी राहायला हवी, ती कोणा एका कार्यालयाच्या ताब्यात नसते. तापी मध्य प्रदेशातून येते, हतनूर धरण आणि सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा ही बॅरेजेस ओलांडून गुजरातेत उकाई जलाशयात शिरते आणि या वाटेवर तिच्याशी केंद्रापासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्वांचा संबंध येतो. म्हणून पुढील प्रत्येक कामासमोर आधी जबाबदार पदनाम लिहावे. जिथे 'संबंधित विभाग' एवढेच लिहिले जाईल, ते काम होणार नाही असे धरून चालावे.

हिवाळा संपण्याआधी जलसंपदा विभागाकडून पूररेषांचा प्रमाणित नकाशा मागवावा आणि तो गट क्रमांकांसह गावनकाशावर उतरवून घ्यावा. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आतील निषिद्ध क्षेत्रात शेती, मैदान, उद्यान असे मोकळे वापरच ठेवावेत आणि दोन रेषांमधील नियंत्रित क्षेत्रात बांधकामाच्या जोत्याची उंची पूरपातळीशी ताडून पाहावी. पूररेषा क्षेत्रांसाठीचे नमुना विधेयक केंद्राने १९७५ मध्येच राज्यांकडे पाठवले होते, परंतु पाणी हा राज्यसूचीतील विषय असल्याने पुढचे पाऊल राज्यांवर राहिले. त्यामुळे आपल्याकडे खरा आधार १९६६ च्या नगररचना अधिनियमाखालील विकास आराखड्याचा आहे. नगरपालिकेच्या आराखड्यात या रेषा उतरल्या आहेत का, हे नगररचनाकाराकडे प्रत्यक्ष बसून, नकाशावर बोट ठेवून तपासावे. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेऊन जमिनीवर दगड रोवावेत, कारण प्लॉट विकत घेणाऱ्याला दगड दिसतो, कार्यालयातील नकाशा दिसत नाही. पांझरेच्या १८७२ च्या महापुराने धुळ्याचे अतोनात नुकसान केले होते. अशा जुन्या नोंदीही नकाशाबरोबर जोडाव्यात.

मार्च ते मे हे महिने पात्रातील कामाचे आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची, म्हणजे खांबांमधल्या गाळ्यांत बसवलेली, काढता येणारी दारे पावसाळ्यापूर्वी काढली गेलीच पाहिजेत. ती काढणार कोण, ठेवणार कुठे आणि चोरीला गेल्यास कळवायचे कोणाला, हे लेखी ठरवावे. एकाही गाळ्यात दार अडकून राहिले, तर त्याला काटेरी बाभळीच्या फांद्या आणि उसाची पाचट अडकते आणि पाणी काठ फोडून बाजूच्या शेतात घुसते. फरशी पुलांच्या नळ्या, नाल्यांची तोंडे आणि बांधकामाचा टाकलेला राडारोडा यांची पाहणी तलाठी, शाखा अभियंता आणि सरपंच यांनी एकत्र पायी फिरून करावी. रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्गाच्या भरावाखालील मोऱ्या राज्याच्या अखत्यारीत नाहीत, म्हणून भुसावळ रेल्वे विभागाला आणि महामार्ग यंत्रणेला जिल्हाधिकाऱ्यांमार्फत एप्रिलमध्येच पत्र जावे.

निरोपाची साखळी सर्वांत नाजूक असते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषद अध्यक्ष असतात. मे महिन्यातील त्यांच्या बैठकीत बऱ्हाणपूरची पातळी हतनूरला कोण कळवणार आणि हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले हे खालच्या बॅरेजेसना व उकाईला कोण कळवणार, हे नोंदवून घ्यावे. एक कार्यालय क्युसेकमध्ये, म्हणजे घनफूट प्रतिसेकंदात, बोलते आणि दुसरे घनमीटर प्रतिसेकंदात. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट असल्याने केवळ आकडा सांगितला तर विसर्ग पस्तीस पटींनी चुकू शकतो. दोन्ही एककांचा छापील तक्ता प्रत्येक नियंत्रण कक्षात भिंतीवर हवा. गिरणेसाठी चणकापूर आणि गिरणा धरण ही दोन्ही ठिकाणे नाशिक जिल्ह्यात असल्याने तिथले दूरध्वनी क्रमांक जळगावच्या यादीत असावेत. चाळीसगावच्या तितूर-डोंगरीसारख्या आखूड नद्यांना मात्र हा सारा वेळ मिळत नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस रात्रभराच्या पावसाने चाळीसगाव पाण्याखाली गेले, ते डोंगरावर पडलेल्या पावसामुळे. अशा ठिकाणी घाटमाथ्याजवळच्या गावात पर्जन्यमापक आणि रात्री जागा राहणारा माणूस हवा, आणि पोलीस पाटलाला वरून आदेश येण्याची वाट न पाहता दवंडी देण्याची व भोंगा वाजवण्याची मुभा हवी. पांझरेकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या जुन्या सिंचन पद्धतीत, जागल्या, हवालदार, पाटकरी या राखणदारांची व पाणी सोडणाऱ्यांची कामे गावानेच ठरवून दिलेली असत. आपल्या मुलखाला ही शिस्त नवी नाही.

निवाऱ्यासाठी निवडलेली शाळा लाल रेषेच्या बाहेर आहे ना, हे अवश्य पाहावे.

पूर ओसरल्यानंतरचे काम याच यादीत आधीच लिहून ठेवावे. पाण्याची खूण भिंतीवर दिसते तोवर, घरे धुवून रंगवली जाण्यापूर्वी, ग्रामसेवकाने गावातील निदान चार-पाच ठिकाणी ती पातळी तारखेसह तैलरंगाने आखावी, तिचे छायाचित्र व गट क्रमांक जलसंपदा विभागाकडे पाठवावेत आणि पूररेषेच्या पुढील फेरआखणीत ती धरली गेली की नाही याचे लेखी उत्तर मागावे.