लिनक्स टाकल्यावर जुना संगणक सुरू होत नसेल, तर या चुका टाळा

जुन्या संगणकावर लिनक्स टाकले, सांगितल्याप्रमाणे संगणक पुन्हा सुरू केला आणि काळ्या पडद्यावर एक ओळ उमटून सारे तिथेच थांबले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी एकच प्रश्न विचारतो: ती ओळ नेमकी काय होती? बहुतेकांना ती आठवत नाही, कारण ती वाचण्याआधीच त्यांनी पेनड्राइव्ह लावून दुसऱ्यांदा इन्स्टॉलेशन सुरू केलेले असते. माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मीही केलेली आहे.

गाडी कुठे अडली हे ती ओळच सांगत असते. ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा संदेश आला, तर फर्मवेअरला, म्हणजे मदरबोर्डवरच्या संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, बूटलोडरच (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) मिळालेला नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसले (ग्रब हा लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर), तर बूटलोडरचा पहिला तुकडा चालला, पण त्याला स्वतःच्या उरलेल्या फाइली सापडल्या नाहीत. ‘इनिट्रॅमएफएस’ असे लिहून कर्सर लुकलुकत राहिला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू झाला आहे, मात्र मूळ विभाजन (डिस्कचा ज्यात सारी सिस्टिम असते तो भाग) त्याला जोडता आलेले नाही. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून कोणत्याही कळीला हात लावण्यापूर्वी पडद्याचा फोटो काढून ठेवण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

संपूर्ण डिस्कचे एकच विभाजन

ही सवय मला एका जुन्या डेस्कटॉपने लावली. त्याला आयडीई या जुन्या प्रकारच्या जोडणीची ३२० जीबीची डिस्क होती. इन्स्टॉलरने सुचवल्याप्रमाणे मी सगळ्या डिस्कचे एकच विभाजन केले आणि तीन महिने संगणक उत्तम चालला. मग एका अद्ययावतीकरणानंतर ग्रबची यादी नेहमीसारखी आली, पण कर्नल निवडताच त्रुटी दिसू लागली. मी ती धड न वाचता अद्ययावतीकरणाला दोष दिला आणि सारे पुन्हा इन्स्टॉल केले. संगणक सुरू झाला, त्यामुळे माझे निदान बरोबर होते असा माझा समज झाला. पाच आठवड्यांनी तोच प्रकार घडला. या वेळी मला डिस्कचा संशय आला, म्हणून मी तिची तपासणी केली आणि केबलही बदलली, परंतु डिस्क निर्दोष निघाली आणि लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करताच लिनक्स चालवणाऱ्या) पाहिले असता सर्व फाइली जागच्या जागी होत्या. अखेर मी ती त्रुटी शांतपणे वाचली. डिस्कच्या हद्दीबाहेर वाचण्याचा किंवा लिहिण्याचा प्रयत्न झाला, असे ग्रब पहिल्या दिवसापासून सांगत होता.

त्या संगणकाचे बायॉस (जुन्या संगणकांतले फर्मवेअर) सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या लहानशा कप्प्याचा, क्रमांक २८ बिटांत मोजणारे होते. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला, तर त्याची दृष्टी सुमारे १३७ जीबीपर्यंतच पोहोचते. ग्रब डिस्क वाचतो ती बायॉसच्या मदतीने, त्यामुळे त्यालाही तेवढेच दिसते. कर्नल मात्र एकदा चालू झाला की स्वतःचा ड्रायव्हर वापरतो आणि त्याला पूर्ण ३२० जीबी दिसतात, म्हणूनच लाइव्ह पेनड्राइव्हवरून मला कुठेच खोट आढळली नाही. रिकाम्या डिस्कवर नवे इन्स्टॉलेशन केले तेव्हा कर्नलची फाइल हद्दीच्या आत पडली होती. पुढे डिस्क भरत गेली आणि नव्या कर्नलची फाइल हद्दीपलीकडे जाऊन पडली. म्हणजे पुन्हा इन्स्टॉल केल्याने रोग बरा होत नव्हता, नुसता लांबणीवर पडत होता. ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहिला असता, तरी बराच उलगडा पहिल्याच दिवशी झाला असता.

उपाय साधा आहे. डिस्कच्या अगदी सुरुवातीला १ जीबीचे वेगळे ‘बूट’ विभाजन करावे, म्हणजे कर्नल कधीच हद्दीबाहेर जात नाही. बायॉस अद्ययावत करा, असा सल्ला काही जण देतात. मी तो पाळत नाही, कारण त्या प्रक्रियेत मध्येच वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, आणि एका विभाजनाने भागणाऱ्या कामासाठी एवढा धोका पत्करणे मला पटत नाही.

पेनड्राइव्ह एका पद्धतीने, डिस्क दुसऱ्या पद्धतीने

बायॉस आणि त्यानंतर आलेले यूईएफआय या फर्मवेअरच्या दोन्ही पद्धती चालवणाऱ्या संगणकांच्या बूट-यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा ‘यूईएफआय’ या उपसर्गासह. घाईत कोणतीही एक नोंद निवडली जाते, इन्स्टॉलर त्याच पद्धतीचे बूटलोडर टाकतो आणि फर्मवेअर मात्र डिस्क दुसऱ्या पद्धतीने उघडू पाहते. लाइव्ह पेनड्राइव्ह चालू असतानाच ‘सिस’ फोल्डरमधील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर आहे का, ते पाहावे. असेल, तर आपण यूईएफआय पद्धतीत आहोत. एवढे पाहण्याचाही ज्यांना कंटाळा येतो, ते फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये शिरून सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारे), जुनी पद्धत (बायॉसची) आणि साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) असे सारे एकाच वेळी उलटसुलट करतात, आणि मग नेमके काय बिघडले हे त्यांनाही सांगता येत नाही. एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि बदलण्यापूर्वीची स्थिती कागदावर लिहून ठेवावी. साटा मोडला तर उगाच हात लावूच नये, कारण शेजारी विंडोज असेल, तर त्याने तेही सुरू होईनासे होऊ शकते.

संगणकाला फक्त बायॉस असेल आणि डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीने विभागली असेल, तर ग्रबसाठी १ एमबीचे, फॉरमॅट न केलेले ‘बायॉस बूट’ विभाजन लागते. मी त्या वाटेला जात नाही. २ टीबीपेक्षा लहान डिस्क असेल, तर सरळ एमबीआर या जुन्या पद्धतीची विभागणी करतो आणि एका विभाजनावर ‘बूट’ ही खूण लावतो, कारण काही बायॉस त्या खुणेशिवाय पुढे सरकतच नाहीत. उलट, काही यूईएफआय संगणक बूटलोडर फक्त ठरावीक पर्यायी जागीच शोधतात. तिथे ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा ‘रिमूव्हेबल’ या पर्यायासह चालवावी लागते.

थोडक्यात आटोपणाऱ्या चुका

पेनड्राइव्ह लावला तरच संगणक सुरू होत असेल, तर ग्रब पेनड्राइव्हवर जाऊन बसला आहे. बायॉस पद्धतीत तो पुन्हा टाकताना विभाजनाचे नाही, तर संपूर्ण डिस्कचे नाव द्यावे.

ग्रबच्या यादीनंतर पडदा काळाच राहिला, तर यादीत ‘ई’ ही कळ दाबून ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहावे आणि एफ १० दाबावे. दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा असेल, तर बहुधा एवढ्याने पडदा उजळतो, पण हा बदल एका वेळेपुरताच असतो.

वेळ वाचवण्यासाठी वेगवान संगणकावर इन्स्टॉल करून ती डिस्क जुन्या संगणकात बसवणाऱ्यांनी निदान जुन्या संगणकाचा प्रोसेसर ६४ बिटांचा आहे का, ते तरी पाहावे. उबुंटूने १७.१० या आवृत्तीपासून ३२ बिटांची डेस्कटॉप प्रतिमा (इन्स्टॉल करण्याची आयएसओ फाइल) देणे बंद केले, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही.

उतरवलेल्या आयएसओ फाइलचा चेकसम (ती बिनचूक उतरली का हे ताडण्याचा आकडा) न तपासणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

संगणकाची वीज तोडली की घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपलेली आहे. बहुधा ती सीआर २०३२ जातीची, ३ व्होल्टची असते. ती संपली की बूटचा क्रम आणि साटा मोडही मूळ स्थितीला परत जाऊ शकतात, आणि काल चाललेला संगणक आज डिस्क ओळखत नाही. नवी बॅटरी बसवल्यावर तारीख लावावी आणि कागदावर लिहून ठेवलेली सेटिंग पुन्हा भरावीत.