ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी: जुन्या वर्कस्टेशनवर या चुका टाळा

सोलापुरात जुनं स्पार्कस्टेशन, म्हणजे सन कंपनीचं वर्कस्टेशन, मिळतं ते भंगारातच. माझं अक्कलकोट रोडवरच्या एका गोदामातून आलं. झाकण काढलं तर आत बोटभर धूळ आणि सुताचे तंतू. साफसूफ करून नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तर जादाचं एसबस कार्ड (सनच्या एसबस स्लॉटात बसणारं) चालेना. ड्रायव्हर खराब असणार असं धरून मी रात्रभर कर्नल (सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) कंपाइल करत बसलो, तेही त्याच मशीनवर. दोन्ही चुकाच. कर्नल आजच्या एखाद्या लिनक्स पीसीवर नेटबीएसडीच्या बिल्ड डॉट एसएच या स्क्रिप्टने क्रॉस-कंपाइल होतो, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्यासाठी तयार होतो, काही मिनिटांत.

मुळात आधी बूटचे मेसेज नीट वाचायला हवे होते. कार्डाच्या नावापुढे ‘नॉट कॉन्फिगर्ड’ दिसलं की लोक कार्ड मेलं म्हणून बाजूला ठेवतात. खरं तर कार्ड जिवंत असल्याचाच तो पुरावा. १९८९ च्या स्पार्कस्टेशन १ सोबत आलेल्या एसबसमध्ये प्रत्येक स्लॉटचा पत्ता ठरलेला असतो आणि कार्डाच्या रॉममध्ये एफकोडचा छोटा प्रोग्राम असतो. मशीन सुरू होताना प्रॉम, म्हणजे बोर्डावरचं बूट करणारं फर्मवेअर, तो चालवतो आणि कार्डाची नोंद आपल्या यादीत करतो. कर्नल ती यादी घेऊन एकेका ड्रायव्हरला विचारतो, हे तुझं का? कोणीच हो म्हटलं नाही की ‘नॉट कॉन्फिगर्ड’. अशा वेळी त्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या कॉन्फिगमध्ये घालायचा, बस.

पण नावच आलं नसेल तर कर्नलला हात लावू नका. स्टॉप-ए दाबून प्रॉमच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर शो-डेव्ह्ज ही कमांड द्या. तिथेही कार्ड नसेल तर ते नीट बसलेलंच नाही. माझं तसंच होतं. वीज बंद करून काढा, ९६ पिनांत अडकलेला तंतू झटका, सरळ दाबून बसवा.

पीसीवरच्या आयएसए या जुन्या स्लॉटातल्या कार्डांना ही सवय लावू नका. तिथे कार्ड आपणहून नाव सांगत नाही, ड्रायव्हरच ठरावीक पोर्टवर जाऊन दार ठोठावतो. नेटवर्क कार्डाचा जंपर (बोर्डावरची छोटी पिन-जोडणी) आयआरक्यू ५ वर, म्हणजे इंटरप्ट क्रमांक ५ वर, आणि कॉन्फिगमध्ये १० लिहिलेलं असेल, तर कार्ड सापडतं पण पॅकेट हलत नाही, नुसते टाइमआउट. आधी जंपर बघा.

परत सनकडे. नेटवर्क बंद आणि मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) सगळा एफएफ-एफएफ? ड्रायव्हर सोडा, एनव्हीरॅम, म्हणजे सेटिंग्ज जपणारी बॅटरीवरची मेमरी, मेली आहे. स्पार्कस्टेशन ५ आणि २० मध्ये एम४८टी०८ ही चिप असते, बॅटरी तिच्या पोटातच सीलबंद. ती संपली की घड्याळही गेलं आणि मॅक पत्ताही. सनचा पत्ता ०८:००:२० ने सुरू होतो, तो ओके प्रॉम्प्टवर एमकेपी कमांडने परत लिहिता येतो. पण बॅटरी मेलेलीच असेल तर वीज बंद होताच पुन्हा तेच. चिप बदला.

स्कझीची, म्हणजे डिस्क जोडायच्या साखळीची, गंमत वेगळीच. जुन्या सन मशीनच्या रिवाजाने आयडी ३ ची डिस्क एसडी० (कर्नल डिस्कला देतो ते नाव), आणि आयडी ० ची एसडी३! नेटबीएसडीच्या स्पार्क मशीनसाठीच्या जेनेरिक (तयार मिळणाऱ्या) कर्नलनेही हा रिवाज पाळलाय. पीसीच्या सवयीने डिस्कला आयडी ० दिला आणि एफएसटॅब या डिस्कांच्या यादीत एसडी० लिहिलं, की रूट (मुख्य फाइल सिस्टिम) सापडत नाही. सीडी ड्राइव्ह ५१२ बाइटच्या ब्लॉकने वाचणारा हवा, नाहीतर प्रॉम त्यावरून बूटच करत नाही. आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (सिग्नल परत फिरू न देणारा तुकडा).

शेवटची चूक खास आपल्याकडची. वर्कस्टेशन यूपीएसवर, पण सिरियल कन्सोलचा टर्मिनल (केबलने जोडलेला स्क्रीन-कीबोर्ड) साध्या प्लगवर. लाइट गेली की टर्मिनल बंद होताना सिरियल केबलवर ‘ब्रेक’ सिग्नल (स्टॉप-ए सारखाच) जातो आणि धडधाकट मशीन थबकतं. लाइट आल्यावर ओके दिसतं, मग लोक रिसेट मारून फाइल सिस्टिमची वाट लावतात. ‘गो’ टाइप करा, एंटर दाबा. ओकेऐवजी कर्नलचा डीबगर उघडला असेल तर ‘कंटिन्यू’. मशीन जिथे थांबलं तिथून पुढे चालू लागतं.