उन्हात पाणी ठेवताय? मग या चुका टाळा

गोव्यात पेडण्याला आमच्या काकीकडे सोप्याच्या खिडकीत पाण्याचा २० लिटरचा जार कायम ठेवलेला असायचा. "ऊन लागतं ना त्याला, जंतू मरतात" असं ती म्हणायची, आणि तिचं म्हणणं निम्मं बरोबर होतं म्हणूनच कोणी अडवलं नाही. यंदा मे महिन्यात मी जार रिकामा करून आत हात घातला तर पाण्याच्या रेषेला हिरवट बुळबुळीत पट्टा, बोटाला चिकटणारा. म्हणजे उजेडाने जंतू मेले की नाही देव जाणे, शेवाळाचं मात्र मस्त पोषण झालं.

उजेडाने जंतू मरतात हे खरंच आहे. इंग्लंडात डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ साली दाखवलं की जंतू वाढतात असलं द्रावण उन्हातल्या नळ्यांत स्वच्छ राहतं आणि झाकलेल्या नळ्यांतलं गढूळ होतं. पण उजेड कुठला, हे महत्त्वाचं. मोठं काम करतात ते ३२० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण, जे डोळ्यांना दिसत नाहीत. दिसणाऱ्या उजेडातला जांभळा-निळा भाग, साधारण ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, तोही मारतो, जंतूंच्या आतले पॉर्फिरिन नावाचे रेणू तो उजेड शोषतात आणि पाण्यातल्या ऑक्सिजनचं विषारी रूप तयार करतात. पण त्याला अतिनीलपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. त्यामुळे किचनमधल्या ट्यूबलाइटखाली बाटली ठेवून काहीच होत नाही, ते विसरा.

आता काकीची चूक. तसले जार बऱ्याचदा पॉलीकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि ते अतिनील किरण अडवतं, खिडकीची काचसुद्धा बराच भाग खाते. वर जार एवढा जाडजूड की मधल्या पाण्यापर्यंत पोचतंय किती? त्यापेक्षा पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची रंग नसलेली साधी पेट (PET) प्लास्टिकची बाटली घ्या, जास्तीत जास्त २ लिटरची, लेबल काढून, चरे पडलेली नको, आणि थेट उन्हात आडवी ठेवा. हिरवी, तपकिरी बाटली चालत नाही.

दुसरी चूक गढूळ पाण्याची, आणि ही आमच्याकडे सगळ्यात जास्त होते कारण विहिरी चिऱ्याच्या, पहिला पाऊस पडला की पाणी तांबूस. मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूला ऊन लागतच नाही. सोपी टेस्ट आहे, भरलेली बाटली पेपरच्या मोठ्या हेडलाइनवर उभी ठेवा आणि तोंडातून खाली बघा, अक्षरं वाचता आली तर ठीक, नाही तर पाणी निवळू द्या, फडक्यातून गाळा, मग परत बघा. मी काकीला हे करून दाखवलं तेव्हा तिला नुसता काळा डाग दिसला, ती काही बोलली नाही पण बाटली लगेच ओतून टाकली.

ऑक्सिजन लागतो म्हटलं ना, तर बाटली पाऊण भरा, २० सेकंद हलवा, मग काठोकाठ भरून झाकण लावा.

वेळेच्या बाबतीत लोक अंदाज मारतात. कडक ऊन असेल तर सलग ६ तास, आभाळ अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर लागोपाठ २ दिवस. आणि माडाची सावली बघा! सकाळी ९ वाजता उन्हात ठेवलेली बाटली ११ वाजता झावळ्यांच्या सावलीत गेलेली असते आणि आपण संध्याकाळी ६ तास मोजून मोकळे. पत्र्यावर पाणी ५० अंशांच्या वर तापलं तर तासाभरात काम होतं, पण घरी कोण थर्मामीटर लावतंय, ६ तासच धरा. जून ते सप्टेंबर हा नाद सोडा, सरळ खळखळून उकळा.

अतिनील दिव्याचा फिल्टर वापरणाऱ्यांसाठी पण एक आहे. अतिनील दिवा जुना होऊन कमी पडायला लागला की काही जंतू मरत नाहीत, नुसते जखमी होतात, आणि निळसर उजेड मिळाला की त्यांच्यातलं एक एन्झाइम त्याच उजेडाच्या जोरावर बिघडलेला डीएनए दुरुस्त करतं. उजेडाने असे जंतू परत सावरतात हे केल्नर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवलं होतं. म्हणून दिवा वेळेवर बदला आणि ते पाणी झाकून अंधारात ठेवा. उन्हातली बाटलीसुद्धा नंतर सावलीत, त्याच बाटलीतून ग्लासात ओतून प्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा, कारण त्यात क्लोरीन नसतं, उष्टा हात लागला की सगळं परत सुरू.

आणि विहिरीत ब्लीचिंग पावडर भर दुपारी टाकू नका, ऊन क्लोरीन खातं. रात्री शेवटचं पाणी काढून झाल्यावर टाका.

खत, कीटकनाशक, खारटपणा यातलं काहीच उन्हाने जात नाही. आणि घरात तान्हं बाळ असेल किंवा वाड्यावर कावीळ, जुलाब चालू असतील तर बाटल्या बाजूला ठेवा, पाणी उकळूनच द्या.