पडद्यावर कोणत्या कक्षा ठेवायच्या? कार्यक्रमाआधीची तयारी

सेलेस्टिया या अवकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर मुलांना ग्रहांच्या कक्षा दाखवायच्या असतील, तर लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: आज मुलांना नेमकं काय दाखवायचंय? प्लूटो नेपच्यूनला धडकेल का, हॅलीचा धूमकेतू किती लांब जातो, की गुरूचे चंद्र? एका वेळी एकच. सेलेस्टियात सगळ्या कक्षा एकदम लावल्या की पडद्यावर मांजरानं लोकरीचा गुंडा सोडल्यासारखं दिसतं आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. मी हे करून बसलोय.

मग रेंडर मेनूतलं व्ह्यू ऑप्शन्स उघडा. ‘ओ’ ही कळ म्हणजे सगळ्या कक्षांचं मेन स्विच. कोणाच्या कक्षा दिसणार ते या खिडकीतल्या टिका ठरवतात. ग्रह, बटुग्रह, चंद्र, लहान चंद्र, लघुग्रह, धूमकेतू, यानं, प्रत्येकाची टिक वेगळी. सगळ्या काढा, ग्रहांची तेवढी ठेवा. प्लूटोची कक्षा दिसली नाही तर फाइल बिघडली असं समजू नका; तो बटुग्रहांच्या खात्यात आहे, त्याची टिक लावावी लागते. नावांच्या टिका निराळ्या, त्याही बघून घ्या.

एक खोड माहीत असू द्या. जी वस्तू निवडलेली असेल तिची कक्षा लाल रंगात दिसतेच, मग तिच्या गटाची टिक असो वा नसो. नको तिथे लाल रेघ राहिली तर ‘एच’ दाबून सूर्य निवडा. हीच खोड हॅलीला कामाला येते: धूमकेतूंची टिक काढलेलीच ठेवा, एंटर दाबून हॅलीचं नाव टाइप करा, पुन्हा एंटर. बाकीचे धूमकेतू गप्प, हॅलीची एकटीची लांबुळकी रेघ समोर. नेपच्यूनच्याही पलीकडे जाते ती. तिथल्या टोकावरून तो डिसेंबर २०२३मध्ये मागे वळलाय आणि जुलै २०६१मध्ये सूर्याजवळ येईल. तेव्हा आपलं वय किती असेल हे मुलांनाच काढू द्या, पाच मिनिटं छान जातात.

सगळ्यात जास्त वेळ कोनावर घालवा, माऊसचं उजवं बटण दाबून दृश्य फिरवत. एकदा मी पृथ्वीची कक्षा तिरकी ठेवली होती. ती अंड्यासारखी लांबट दिसत होती. एका मुलीनं विचारलं, “म्हणजे मे महिन्यात आपण सूर्याच्या जवळ असतो ना?” चूक तिची नव्हती, कोनाची होती. खरं तर आपण सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असतो, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जुलैत १५.२ कोटीवर. फरक इतका थोडा की बरोबर वरून पाहिलं तर कक्षा गोलच वाटते. म्हणून ऋतूंबद्दल बोलायचं तर दृश्य वरून हवं. प्लूटोला नेमकं उलट. वरून बघितलं तर त्याची आणि नेपच्यूनची रेघ एकमेकींना छेदतात, १९७९ ते १९९९ तो नेपच्यूनपेक्षा सूर्याला जवळही होता. पण बाजूनं बघा, त्याची कक्षा सतरा अंशांनी कललेली आहे आणि त्या रेघा कुठेच भेटत नाहीत. आधी वरून दाखवा, मुलांना “धडकणार!” म्हणू द्या, मग हळूच बाजूला फिरवा.

गुरूसाठी ग्रहांची टिक काढा, चंद्रांची लावा, लहान चंद्रांची नको. आयोच्या चार फेऱ्यांत युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक, हे मुलांना बोटांवर मोजता येतं. काळाचा वेग मात्र घरीच ठरवून ठेवा: ‘एल’नं दसपट वाढतो, ‘के’नं दसपट कमी होतो, स्पेसनं सगळं थांबतं. टिकांची ही उलथापालथ कार्यक्रमात जमत नसेल तर छोटी स्क्रिप्ट, म्हणजे सेलेस्टियाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहा. ऑर्बिटफ्लॅग्ज या आज्ञेत काय लावायचं आणि काय काढायचं ते देता येतं.

तालीम घरी नको, त्याच हॉलमध्ये त्याच प्रोजेक्टरवर करा. बारीक निळसर रेघा लॅपटॉपवर उठून दिसतात आणि खिडकीतून ऊन आलं की भिंतीवर विरून जातात. पडदे नसतील तर जुन्या चादरी न्या. एक्स्टेंशन बोर्डही आपलाच.

आणि बोट ‘ओ’च्या जवळ असू द्या. कोणीतरी विचारतंच, “सर, ती लाल रेघ दुर्बिणीतून दिसेल?” तेव्हा उत्तर देत बसू नका. ‘ओ’ दाबा, रेघा जाऊ द्या, आणि नुसत्या काळ्या पडद्यावर आता गुरू कुठे आहे ते त्यालाच शोधायला सांगा.